गाडीचा फ्यूज उडाला तर: तपासायचा कसा, बदलायचा कसा आणि पुन्हा का उडतो

दुचाकीची चावी फिरवली आणि मीटर बंद, हॉर्न नाही, सेल्फ नाही, न्यूट्रलचा हिरवा दिवाही नाही, तर बॅटरी काढून चार्जिंगला न्यायच्या आधी फ्यूज बघा. बॅटरी उतरलेली असते तेव्हा थोडी तरी धुगधुगी दिसते: न्यूट्रलचा दिवा मिणमिणतो, हॉर्न घोगरा वाजतो, सेल्फचं बटण दाबलं की रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) टकटक करतो. मेन फ्यूज उडालेला असेल तर यातलं काहीच होत नाही. मात्र बॅटरीचं टर्मिनल ढिलं असलं तरी नेमकं हेच दिसतं, म्हणून आधी दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. हलत असतील तर स्क्रू ड्रायव्हर किंवा 10 च्या पान्याने आवळा आणि पुन्हा चावी फिरवा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

जुन्या गाड्यांत एक फसवी गोष्ट आहे. जुन्या कित्येक शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांत इंजिनची ठिणगी आणि हेडलाईट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) करंटवर चालतात. फ्यूज उडाला तरी किकने गाडी चालू होते, हेडलाईट लागतो, फक्त हॉर्न, इंडिकेटर आणि न्यूट्रलचा दिवा जातो. मग लोक महिना महिना तशीच चालवतात. असं करू नका. फ्यूज नसताना रेग्युलेटरला (व्होल्टेज आवरणाऱ्या भागाला) बॅटरीचा आधार राहत नाही, व्होल्टेज वरखाली होतं आणि बल्ब एकामागून एक जातात. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, त्यांत सहसा हा प्रश्न येत नाही. इंजेक्शनच्या गाडीत मेन फ्यूज गेला की गाडी जागची हलत नाही. चावी फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुर्र करतो. मीटर लागतो पण तो आवाज येत नाही, असं झालं तर पंपाचा किंवा इंजेक्शनचा फ्यूज बघा.

एकाच बाजूचा इंडिकेटर बंद असेल तर तो बहुतेक बल्ब किंवा होल्डर. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, हॉर्न आणि ब्रेक लाईट एकदम गेले तर फ्यूज.

फ्यूज कुठे असतो

सेल्फच्या गाडीत मेन फ्यूज बहुधा स्टार्टर रिलेच्या प्लास्टिक टोपीखाली असतो. बॅटरीच्या अधिक टर्मिनलवरून निघालेली जाड लाल वायर धरून गेलात की रिले सापडतो. बाकीचे फ्यूज सीटखाली किंवा साईड कव्हरच्या आत छोट्या डबीत असतात. डबीच्या झाकणावर आतल्या बाजूने कुठला फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा हे लिहिलेलं असतं, तिथेच एक-दोन जादा फ्यूजही खोचलेले असतात. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर ही जादा जागा रिकामी असण्याची शक्यता जास्त. झाकणावरचा कागद मातीने पुसट झाला असेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा, नाहीतर गाडीसोबत आलेलं पुस्तक बघा. साध्या किकच्या गाडीत एकच फ्यूज असतो, बॅटरीजवळच्या लाल वायरीत, रबरी किंवा प्लास्टिकच्या होल्डरमध्ये.

आजकालचे फ्यूज दोन पायांचे, ब्लेडचे. मोठा साधारण 19 मिलिमीटर रुंद, मिनी 11 मिलिमीटर. दुकानात जाताना जुना सोबत न्या, कारण दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. अँपिअरचा आकडा डोक्यावर कोरलेला असतो आणि रंगही ठरलेले आहेत: 5 मातकट, 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा पारदर्शक, 30 हिरवा. ऊन-पावसाने रंग उडतो, म्हणून विश्वास आकड्यावर ठेवा. जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचा फ्यूज असतो. तो चालतो, पण त्याच्या क्लिपा ढिल्या पडतात आणि हादऱ्याने संपर्क तुटतो. काचेचा फ्यूज वरचेवर त्रास देत असेल तर अख्खा होल्डर बदलून ब्लेडचा बसवून घ्या. अँपिअर तेच ठेवा.

तपासणी

चावी बंद करा. फ्यूज डबीतल्या चिमट्याने, नाहीतर बारीक तोंडाच्या पक्कडने सरळ वर ओढा. वाकडा करून उपटलात तर आतल्या क्लिपा पसरतात आणि पुढचा फ्यूज ढिला बसतो. स्क्रू ड्रायव्हरने खालून उचकटू नका. पलीकडचा पाय आणि चॅसी एकदम टेकले तर तिथेच ठिणगी.

फ्यूज उजेडाकडे धरा आणि आतली बारीक पट्टी नीट बघा. नुसतं तुटलंय की नाही एवढंच बघून तो फेकू नका, कसा तुटलाय ते महत्त्वाचं आहे.

पट्टीत केसाएवढी फट, बाकी प्लास्टिक स्वच्छ: फ्यूज जुना होऊन हादऱ्यांनी थकलाय. नवा घातला की काम होतं.

पट्टी मधेच वितळून दोन्हीकडे थेंबासारखी गोळा झालेली, प्लास्टिक थोडं मळकट: जादा भार. ठरल्यापेक्षा थोडा जास्त करंट बराच वेळ गेलाय. गाडीला नंतर काय काय जोडलंय ते आठवा.

आतली खिडकी काळी किंवा चंदेरी शिंतोड्यांनी भरलेली, पट्टीचा मोठा तुकडा गायब: थेट शॉर्ट. अधिक वायर कुठेतरी चॅसीला लागली आहे. नवा फ्यूज तत्काळ उडेल.

आणि चौथा प्रकार, जो सर्वात जास्त चकवतो: पट्टी शाबूत, पण पायाजवळचं प्लास्टिक पिवळं पडून विरघळलेलं. यात फ्यूजचा दोष नाही. होल्डरची क्लिप ढिली किंवा गंजलेली आहे, तिथे संपर्क अर्धवट म्हणून उष्णता तयार झाली. इथे नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही.

पट्टीची फट कधी कधी डोळ्याला दिसत नाही, म्हणून मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) असेल तर त्याने खात्री करा. काढलेल्या फ्यूजच्या दोन पायांना मीटरच्या सुया लावा. बीप वाजला तर चांगला. न काढताही तपासता येतो. ब्लेडच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सुई बॅटरीच्या उणे टर्मिनलला, चावी चालू, आणि लाल सुई आधी एका ठिपक्याला, मग दुसऱ्याला. दोन्हीकडे बॅटरीएवढं व्होल्टेज आलं तर फ्यूज ठीक. एकीकडे आलं, दुसरीकडे शून्य, तर उडालाय. दोन्हीकडे शून्य म्हणजे करंट तिथवर पोचतच नाही: मेन फ्यूज, चावीचं स्विच किंवा बॅटरी बघा. मीटर नसेल तर 12 व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून हेच काम होतं. आणि तेही नसेल तर शेजारच्या जागेतला त्याच अँपिअरचा चालू फ्यूज काढून इथे लावून बघा.

बदलणं

चावी बंद ठेवूनच नवा फ्यूज दोन्ही पाय सारखे धरून दाबा. शेवटपर्यंत बसला की किंचित खटका जाणवतो. सहज आत गेला आणि बोटाने हलतो आहे, असं वाटलं तर क्लिप पसरलेली आहे. अशा वेळी आधी बॅटरीचं उणे टर्मिनल सोडा, मग बारीक पक्कडने क्लिपचे दोन ओठ किंचित जवळ आणा. उणे आधी का, तर अधिकवर लावलेला पाना चुकून चॅसीला लागला तर मोठी ठिणगी उडते. जोडताना उलट: अधिक आधी, उणे शेवटी.

क्लिपवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी दुमडून आत फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या आणि फ्यूजच्या पायांना व्हॅसलिनचं नखभर बोट लावून बसवा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी रोज भिजते. तिकडच्या गाड्यांना ही पूड दरवर्षी धरते, त्यामुळे मे महिन्यातच डबी उघडून साफ केलेली बरी.

अँपिअर मात्र तोच. 10 च्या जागी 20 घातला की गाडी चालते, हे खरं आहे, आणि धोकाही त्यातच आहे. कंपनीने वायर 10 अँपिअरच्या हिशोबाने दिलेली असते. शॉर्ट झाल्यावर फ्यूज टिकतो आणि वायर तापते, आवरण वितळतं, शेजारच्या वायरी एकमेकींना चिकटतात. हे सगळं पेट्रोलच्या टाकीखाली घडत असतं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याच्या तारेची गुंडाळी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, कारण त्या चांदीला कुठला आकडा नसतो. फ्यूज पाच-दहा रुपयांना मिळतो, अख्ख्या वायरिंगला हजारो लागतात.

रात्री रस्त्यात, चोर्ल्याच्या घाटात किंवा जांबोटीच्या पुढच्या जंगलात अडकलात आणि जादा फ्यूज नसेल तर हॉर्न-इंडिकेटरचा फ्यूज काढून इग्निशनच्या जागी लावा, तो त्याच अँपिअरचा किंवा कमी असेल तर. कमी अँपिअरचा तात्पुरता चालतो, फार तर उडेल. जास्तीचे दिवे, मोबाईल चार्जर बंद ठेवा आणि हळू या. ब्रेक लाईट नसताना मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही थांबताय हे कळत नाही, म्हणून घाटात ओव्हरटेक टाळून कडेने चला. हेडलाईटचा फ्यूज मात्र कधीही दुसरीकडे वापरू नका.

नवा लगेच उडाला, आता काय

दुसरा घालू नका. तो उडण्याची वेळच सांगते की दोष कुठे आहे.

चावी बंद असतानाच मेन फ्यूज उडतो: रेग्युलेटर किंवा बॅटरी ते चावी यामधली वायर. बॅटरी उलटी जोडली गेली असेल तरी हेच होतं आणि त्यात रेग्युलेटरही जातो. रेग्युलेटरचा कपलर (वायरींचा प्लग) सोडून नवा फ्यूज घाला. टिकला तर रेग्युलेटर बदला.

चावी चालू करताच: चावीपासून पुढची वायर, मीटर किंवा टेल लाईट. ब्रेक दाबताच: मागच्या ब्रेकच्या पॅडलजवळचा ब्रेक स्विच, नाहीतर टेल लाईटचा होल्डर. मागच्या चाकाचा चिखल थेट तिथे उडतो. हॉर्न दाबताच: हॉर्न आतून बॉडीला लागलाय किंवा हॉर्नची वायर फोर्कला घासते आहे. इंडिकेटर लावताच: कुठल्या बाजूला लावल्यावर उडतो ते बघा, दोष त्याच बाजूला. हँडल वळवताना: हँडलखाली वायरिंग वळतं तिथे वायर आतून तुटली आहे किंवा सोलली आहे. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर: जादा भार, नाहीतर ढिला होल्डर. फक्त पावसात: कपलरमध्ये पाणी.

सीमाभागात काही जागा ठरलेल्या आहेत. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवणाऱ्या गाड्यांत लोखंडी हूक मागच्या मडगार्डवर घासतो आणि त्याच मडगार्डखालून टेल लाईटची वायर जाते. गाडीवर वैरणीचा भारा आवळून बांधला की दोरी इंडिकेटरच्या बुंध्याला ओढते आणि वायर मुळाशी तुटते. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात गोठ्याशेजारी किंवा शेतातल्या घराजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदीर लागतात. टाकीखालची वायर ते कुरतडतात आणि तिथे सहज कुणाचं लक्ष जात नाही. आणि सर्व्हिस सेंटरवर जोराच्या पाण्याने धुतलेल्या गाडीत पाणी हेडलाईटच्या मागच्या कपलरमध्ये शिरतं.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसायची गरज नाही. उडालेला फ्यूजच कामी येतो. पट्टी पूर्ण तुटलेली आहे याची खात्री करा, त्याच्या डोक्यावरच्या दोन ठिपक्यांना दोन वायरी झाळून घ्या आणि त्या वायरींना 12 व्होल्ट 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब जोडा. हा प्लग फ्यूजच्या जागी खोचला की बल्ब सिरीजमध्ये येतो. 21 वॅटच्या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जात नाही, त्यामुळे शॉर्ट असला तरी वायरिंग सुरक्षित राहतं. हेडलाईट, हॉर्न, इंडिकेटर सगळं बंद ठेवा. आता बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट आहे. मंद लागला तर ते टेल लाईट आणि मीटरचं नेहमीचं काम, काळजी नाही.

पूर्ण पेटलेला बल्ब हातात धरून एकेक कपलर सोडत जा: टेल लाईट, ब्रेक स्विच, हॉर्न, इंडिकेटर, हेडलाईट, नंतर जोडलेल्या सगळ्या वस्तू. जो सोडताच बल्ब मंद होईल किंवा विझेल, शॉर्ट त्या फांदीत. कपलर सोडूनही फरक पडला नाही तर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवा, टाकीखालचं वायरिंग हाताने दाबा, मागचं मडगार्ड हलवा. बल्ब लुकलुकला की तिथेच थांबा आणि टेप सोडून बघा. तांबं उघडं पडलेलं किंवा चॅसीवर काळा डाग दिसेलच.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. ज्या फ्यूजवर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा), ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) किंवा इंजेक्शन लिहिलंय, तिथे बल्ब लावू नका. कमी व्होल्टेजवर ही युनिटं चुकीचे कोड दाखवतात आणि त्यांचे कपलर चावी चालू असताना सोडले तर नुकसान होऊ शकतं. तो एक फ्यूज बदलून बघा, पुन्हा उडाला तर स्कॅनर असलेल्या मेस्त्रीकडे न्या.

सापडलेली वायर नुसती पिळून टेप मारणं पावसाळ्यापुरतंही टिकत नाही. खराब भाग कापा, तेवढ्याच जाडीचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं साधारण 10 मिलिमीटर सोला, पिळा, झाळा आणि वर श्रिंक ट्यूब चढवून तापवा. ट्यूब झाळायच्या आधी वायरीत ओवून ठेवायची, हे विसरलं की पुन्हा सगळं सोडावं लागतं. जोड हँडल वळतं त्या जागी येऊ देऊ नका. घासणाऱ्या जागी जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून झिप टायने बांधा.

जादा दिवे आणि हॉर्न

वारंवार उडणाऱ्या फ्यूजमागे बहुतेक वेळा नंतर जोडलेला दिवा असतो. हिशोब सोपा आहे: वॅटला 12 ने भागलं की अँपिअर. 20 वॅटचे दोन एलईडी फॉग म्हणजे 40 वॅट, सव्वातीन अँपिअरच्या थोडं वर. हे हेडलाईटच्या वायरीला चिकटवले तर आधीचे 55 वॅटच्या बल्बचे साडेचार धरून पावणेआठ-आठ होतात. 10 अँपिअरचा फ्यूज अशा भारावर सतत तापत राहतो आणि गरमीच्या दिवसांत एक दिवस जातो. मोठा फ्यूज हा त्यावर उपाय नाही. फॉगला बॅटरीपासून वेगळी वायर, रिले आणि बॅटरीच्या अधिक टर्मिनलपासून वीतभराच्या आत स्वतःचा फ्यूज द्या. सव्वातीनच्या दीडपट, म्हणजे 5 अँपिअर पुरेसा. वायर 1 चौरस मिलिमीटरची घ्या. रिलेचं चालू-बंद हेडलाईटच्या वायरीवरून घेतलं की चावी बंद झाल्यावर फॉग चालू राहून बॅटरी उतरत नाही. मोठ्या जोडी हॉर्नलाही रिलेच हवा, नाहीतर बटणाचे पॉइंट जळतात.

सगळं जोडून झाल्यावर मल्टीमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की 13.5 ते 14.5. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरी उकळवेल आणि बल्ब जाळेल, म्हणून फ्यूज टिकला तरी रेग्युलेटर बदलून घ्या. त्यानंतर हेडलाईट, दोन्ही इंडिकेटर, हॉर्न, पुढचा आणि मागचा ब्रेक एकदम चालवून बघा, हँडल दोन्हीकडे वळवा आणि पाच मिनिटांनी फ्यूजला बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नाही इतका गरम असेल तर क्लिप पुन्हा बघा.

सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत एवढं ठेवा: तुमच्या गाडीत जितक्या अँपिअरचे फ्यूज आहेत त्या प्रत्येकाचे दोन, चिमटा, काळी टेप, चार झिप टाय, 10 चा पाना आणि वायरी लावलेला एक बल्ब. पिशवीचं तोंड गाठ मारून बांधा, नाहीतर पावसाळ्यानंतर नव्या फ्यूजलाही तीच हिरवी पूड धरलेली दिसेल. जादा फ्यूज वापरला की त्याच आठवड्यात दुसरा आणून ठेवा. कार्तिकात ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी टेल लाईट नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात, आणि त्या वेळी तुमचा हेडलाईट चालू असणं फार गरजेचं असतं.